हंगामाची सबब

शहाद्याजवळचे पुरुषोत्तमनगर ही साखर कारखान्याभोवती वसलेली वसाहत. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि दोघांचीही नावे आपल्या नावात घेतलेला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना इथे उभा आहे. १९५० साली प्रवरानगरच्या कारखान्याने महाराष्ट्राला जो साचा दिला, त्याच साच्यातली ही ‘नगरे’. अशा वस्तीचे वर्ष कॅलेंडरप्रमाणे चालत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास बॉयलर अग्निप्रदीपन होते, गव्हाणीत मोळी पडते, पुढचे चार-पाच महिने दिवसरात्र धुराडे पेटते राहते, आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पट्टा पडला की वर्ष संपले असे धरतात. कारखान्यातल्या सुरक्षेची सरकारी तपासणी आणि तिची तयारी हा विषय अशाच ठिकाणी ठेवून पाहिला पाहिजे, कारण हंगामी उद्योगात तो सर्वांत अवघड होतो. ‘इन्स्पेक्टर येणार’ असे कानावर आले की भिंतींना चुना, बादल्यांना लाल रंग आणि रजिस्टरांत मागच्या तारखांच्या सह्या, अशी तयारीची एक रीत सगळीकडे रूढ आहे. माझे म्हणणे असे की तपासणीची खरी तयारी पट्टा पडल्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू होते, आणि ती तेव्हा सुरू होत नाही याला एक जुनी सबब कारणीभूत आहे. ‘हंगाम आहे, आता काही सांगू नका’ ही ती सबब. खानदेशात तिला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली पहिली तीस वर्षे तर ती कायद्यानेच मान्य केली होती.

आजचा नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. १९०६ पूर्वी धुळे, नंदुरबार आणि जळगाव मिळून एकच खानदेश होता. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाचा भाव चढला आणि रेल्वेच्या आधाराने खानदेशच्या काळ्या जमिनीत कापूस पसरला. कापसामागोमाग वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. वेचणी झाली की सरकी काढायची, रुईच्या गासड्या बांधायच्या आणि पावसाच्या आत माल मुंबईला पोचवायचा, एवढेच त्यांचे वर्ष. हिंदुस्थानातला पहिला कारखाने कायदा १८८१ साली झाला. शंभर किंवा अधिक माणसे आणि यांत्रिक शक्ती असेल तिथेच तो लागू होता. सात वर्षांखालच्या मुलांना त्याने कामाला बंदी केली, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा घातली, धोक्याच्या यंत्रांना कुंपण सांगितले. पण जो कारखाना वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालतो, त्याला यातून वगळले. खानदेशातल्या जिनांचा मोठा भाग या एका वाक्याने कायद्याबाहेर गेला. मुंबईच्या गिरणीत दोष दिसला तर निदान तो दोष ठरत होता. खानदेशात तसे म्हणण्याचाही आधार उरला नाही.

त्याचा परिणाम काय झाला हे मुंबई सरकारने १८८४ साली नेमलेल्या कारखाने आयोगासमोर आले. खानदेशातल्या एका जिनच्या व्यवस्थापकाने स्वतःच साक्ष दिली. पहाटे चारला दारे उघडत आणि रात्री दहाला काम सुटे; म्हणजे अठरा तास, मजुरी तीन-चार आणे. घरी गेलेली माणसे दार उघडण्याच्या वेळेला चुकू नये म्हणून तीनलाच परत येत. कामाची घाई झाली की त्याच बाया आणि तीच माणसे सलग आठ दिवस रात्रंदिवस राबवली जात. अगदी थकून गेली की नवी घेतली जात. इतके तास काम करणारी माणसे पुष्कळदा मरत, हेही याच साक्षीत आहे. हे कामगारांच्या पुढाऱ्याने रागाने केलेले आरोप नव्हेत. कारखाना चालवणाऱ्याने शांतपणे सांगितलेला कारभार आहे. आपण काही दडवावे असे त्याला वाटले नाही, कारण दडवायला लावणारा कायदा त्याच्यासाठी नव्हता. तपासणीच्या विरोधात आज जे बोलले जाते ते ऐकताना ही साक्ष समोर ठेवावी. तपासणी नसलेला हंगामी कारखाना कसा असतो याची कल्पना करत बसण्याची गरज नाही. खानदेशाने तो पाहिलेला आहे.

जिनची रचनाही इथे जवळून पाहण्यासारखी आहे. जिनांची रांग वर, आणि अनेक ठिकाणी त्यांना फिरवणारा लांबच लांब मुख्य शाफ्ट जमिनीखालच्या बोळात. या बोळात बेअरिंगला तेल घालायला, सुटलेला पट्टा चढवायला, साचलेली सरकी काढायला माणूस उतरे. जागा अरुंद, उजेड अपुरा, हवेत रुईचे तंतू आणि डोक्याशी फिरता लोखंडी दांडा. धोतराचा सोगा किंवा लुगड्याचा पदर त्यावर गुंडाळला गेला की माणूस ओढला जाई. पुढे राज्याच्या नियमांत जिनिंगसाठी खास कलम आले: जमिनीखालचा असा शाफ्ट भिंतीने किंवा चढून जाता येणार नाही अशा कुंपणाने पूर्ण बंद करावा, आत जाण्यापुरतीच दारे ठेवावीत आणि ती कुलूपबंद असावीत. तसेच १९४८ च्या कायद्याचे २७ वे कलम सांगत होते की प्रेसमध्ये कापूस पिंजणारे यंत्र चालू असेल त्या भागात बाई किंवा मूल कामाला लावू नये. कापूस घालण्याचा भाग छतापर्यंतच्या भिंतीने वेगळा केला असेल तरच त्या बाजूला त्यांना काम देता येई. छतापर्यंतची भिंत हा तपशील कुणा कारकुनाला सुचलेला वाटत नाही. ठिणगी पडली की रुईचा भडका किती उंच जातो हे ज्यांनी पाहिले, त्यांच्या अनुभवातून तो आला असणार. कारखाने कायद्याची कलमे कोरडी वाटतात, पण त्यांतली पुष्कळ कलमे म्हणजे अपघातांची नोंदवही आहे. तपासणीची तयारी करणाऱ्याने ती तशी वाचली तर कोणती जाळी कुठे हवी हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही नोंद कायद्यात उतरायला फार काळ गेला. आयोग नेमला गेला त्या १८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचा अर्ज आयोगाकडे दिला. रविवारची सुट्टी आणि दुपारची विश्रांती या त्यांच्या मागण्या आपल्याला ठाऊक आहेत. त्याच यादीतली आणखी एक मागणी मात्र सहसा आठवत नाही: कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्यावा आणि कायमचा अधू झाला तर त्याच्या पोटाची तजवीज करावी. नुकसानभरपाईचा कायदा त्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, १९२३ साली झाला. मधल्या काळात १८९१ चा सुधारित कायदा आला. पन्नास माणसांचा कारखानाही आत आला, बायकांना अकरा तासांची मर्यादा मिळाली, पण चार महिन्यांची पळवाट कायम राहिली. १९०८ च्या कारखाना कामगार आयोगाला देशभरातल्या जिनांत बायका सतरा-अठरा तास, काही ठिकाणी वीस-बावीस तास काम करताना आढळल्या. तेव्हा कुठे १९११ च्या कायद्याने चार महिन्यांपेक्षा कमी चालणारे कारखाने आत घेतले. पहिल्या कायद्यापासून हे अंतर तीस वर्षांचे. त्या काळात खानदेशात जे हंगाम झाले, त्यांत राबलेल्या कुणाचेही नाव कोणत्या रजिस्टरात असण्याची गरज नव्हती.

१९०८ च्या आयोगाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली: कायदा असूनही तो पाळला जात नव्हता, कारण तपासायला माणूस नव्हता. जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट हाच पदसिद्ध निरीक्षक. महसूल, दुष्काळ, फौजदारी सांभाळून त्याने जिनच्या शाफ्टखाली वाकून पाहावे अशी अपेक्षा होती. त्याचा दौरा आधी ठरे, गावोगावच्या पाटलाला कळे, आणि ज्याला पाहायचे त्यालाही कळे. आयोगाने पूर्णवेळ, जाणकार निरीक्षक मागितले आणि पुढे ते आले. तरी जुना धागा तुटला नाही. १९४८ च्या कायद्याच्या आठव्या कलमात प्रत्येक जिल्हा मॅजिस्ट्रेट हा आपल्या जिल्ह्याचा निरीक्षक असल्याचे वाक्य कायम राहिले. १ एप्रिल १९४९ रोजी तो कायदा अमलात आला आणि त्याच महिन्यात भारताने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१ व्या कराराला मान्यता दिली. निरीक्षकाने पूर्वसूचना न देता, दिवसा वा रात्री, कोणत्याही वेळी आत यावे, असे तो करार म्हणतो. पदसिद्ध निरीक्षकांच्या काळातल्या ठरलेल्या दौऱ्यांचा अनुभव पाहिला की या ‘पूर्वसूचना न देता’चे वजन कळते.

साखरेची गोष्ट इथून जोडली जाते. १९३४ च्या कायद्याने कारखान्यांचे दोन वर्ग केले: बारमाही आणि हंगामी. बारमाही कारखान्यात दिवसाला दहा आणि आठवड्याला चोपन्न तास. हंगामी कारखान्यात अकरा आणि साठ. हंगामीच्या यादीत जिन-प्रेससोबत चहा, कॉफी, लाख, नीळ आणि गुळासह साखर होती. म्हणजे बाहेर ठेवण्याची सबब संपली, तर सूट देण्याची सबब सुरू झाली. नाशवंत माल थांबत नाही, तेव्हा माणसानेही थांबू नये, असा तो हिशेब. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. बारमाही कारखान्यांचा अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा १९४६ साली आला, आणि १९४८ च्या कायद्याने हंगामी-बारमाही हा भेदच मोडला. त्यामुळे प्रवरानगर, आणि त्यामागून आलेली पुरुषोत्तमनगरसारखी सगळी नगरे, ही अशा काळात उभी राहिली की हंगाम ही कायद्यातली सवलत उरलीच नव्हती. उरली ती सवय. ऊस तोडला की चोवीस तासांच्या आत-बाहेर गाळला पाहिजे, नाहीतर उतारा घसरतो. म्हणून गाळप थांबवून संरक्षक जाळी बसवायला शिफ्ट इंजिनिअर धजावत नाही. हे मी दोष म्हणून सांगत नाही, कामाची खरी अडचण म्हणून सांगतो. तिचे उत्तर हंगामात मिळत नाही, हंगामाबाहेरच मिळते.

पट्टा पडल्यावर कारखाना बंद असतो ही बाहेरच्याची समजूत. मे ते सप्टेंबर या काळात तो उघडा पडलेला असतो. मिलचे रोलर काढलेले, ऊस वाहणाऱ्या कॅरिअरच्या साखळ्या जमिनीवर पसरलेल्या, गिअरची झाकणे बाजूला ठेवलेली, मजल्यातल्या जाळ्या उचललेल्या. उंचावर वेल्डिंग, खाली ग्राइंडिंग, आणि दोन्ही बहुधा ठेकेदाराच्या माणसांकडून. मळीच्या टाकीत आणि सांडपाण्याच्या खड्ड्यात माणूस साफसफाईला उतरतो तो याच दिवसांत. कुजलेल्या मळीतला वायू टाकीच्या तळाशी साचतो. पहिला माणूस पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही पडतो. म्हणून १९४८ च्या कायद्याचे ३६ वे कलम सांगत होते की टाकीतली हवा तपासून लेखी दाखला झाल्याशिवाय कुणी उतरू नये, नाहीतर श्वसनाचे साधन असावे आणि कमरेच्या पट्ट्याचा दोर बाहेरच्या माणसाच्या हातात असावा. नागपूर जिल्ह्यातल्या बेला इथल्या साखर कारखान्याच्या आवारात स्फोट होऊन पाच माणसे गेली ती १ ऑगस्ट २०२० ला, गाळपाचा महिना नसताना. परळीजवळच्या कारखान्यात गरम रसाची टाकी फुटून कामगार दगावले ते डिसेंबर २०१७ मध्ये, भर गाळपात. पण टाकीचा पत्रा किती झिजला आहे हे मोजायचे असते ते दिवस पावसाळ्यातलेच. सुरक्षा दिन आपल्याकडे ४ मार्चला असतो, राष्ट्रीय सुरक्षा परिषदेच्या १९६६ मधल्या स्थापनेची आठवण म्हणून. साखर कारखान्यात तो नेमका हंगामाच्या शेपटाशी येतो, जेव्हा झेंडा लावण्यापलीकडे काही करायला सवड नसते. तीच प्रतिज्ञा जूनमध्ये, ठेकेदाराच्या माणसांसमोर घेतली तर तिचा उपयोग अधिक होईल.

या कारखान्यांत एक तपासणी मात्र मनापासून होते, ती बॉयलरची. १९२३ च्या बॉयलर कायद्याने दाखल्याशिवाय बॉयलर पेटवता येत नाही अशी व्यवस्था केली, आणि २०२५ च्या नव्या कायद्यानेही ती ठेवली. त्यामुळे अग्निप्रदीपनाच्या आधी नळ्या घासून साफ केलेल्या असतात, पाण्याच्या दाबाची चाचणी झालेली असते, सेफ्टी व्हॉल्व्ह तपासलेला असतो. सगळे निरीक्षक येण्यापूर्वी, कारण तो नापसंत करील तर पूजेचा मुहूर्त चुकेल. दसऱ्याला संचालक सपत्नीक पूजेला बसतात तेव्हा त्यामागे तीन महिन्यांची प्रामाणिक तयारी असते. त्याच छताखालच्या क्रेनचा दोर, कॅरिअरची जाळी, जिन्याचा कठडा यांची तशीच तयारी दर वेळी होईल याची खात्री नसते, आणि त्याचे कारण मला माणसांच्या वृत्तीत दिसत नाही. क्रेन, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून एकदा जाणकाराकडून कसून तपासणी १९४८ च्या कायद्याच्या २९ व्या कलमाने सांगितलीच होती. पण ती झाली नाही म्हणून गव्हाणीत मोळी टाकायची थांबत नाही. बॉयलरच्या दाखल्याला हंगामाचे दार अडवता येते. बाकीच्या सुरक्षेला तो अधिकार मिळालेला नाही. तपासणीला सामोरा जाणाऱ्या व्यवस्थापनाने तो स्वतःहून द्यावा, असे मला वाटते: जाळ्या, कठडे, दोर आणि टाक्या यांची सही झाल्याशिवाय अग्निप्रदीपनाची तारीख जाहीर करू नये.

चुन्याविषयीही थोडे सांगितले पाहिजे, कारण त्यावरून तपासणीची टिंगल केली जाते. भिंतींना चौदा महिन्यांतून एकदा चुना द्यावा आणि त्याची तारीख नोंदवावी, असे १९४८ च्या कायद्याचे ११ वे कलम खरोखरच सांगत होते. ज्या मूळच्या गिरण्यांसाठी हा नियम झाला तिथे क्षय आणि धूळ होती, आणि अंधाऱ्या खोल्यांत पांढऱ्या भिंतीने उजेड वाढे. नियम खुळा नव्हता. बिघडते ते तेव्हा, जेव्हा चुना इतर सगळ्याच्या बदली वापरला जातो. कागदांचेही तसेच. कराचीतल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र मिळाले होते. ११ सप्टेंबरला तिथे आग लागली आणि अडीचशेहून अधिक माणसे आत अडकून मेली. बाहेर पडण्याच्या वाटा बंद होत्या. प्रमाणपत्र देणाऱ्यांनी दारे ढकलून पाहिली असती तर ते लगेच कळले असते. साखर कारखान्यातही फायलीत न दिसणारी एक गोष्ट असते, ती म्हणजे साखरेची धूळ. ग्रेडर आणि पोती भरण्याच्या विभागात तुळयांवर ती थराने साचते. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या पोर्ट वेंटवर्थ इथल्या साखर कारखान्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी अशाच धुळीचा स्फोट होऊन चौदा माणसे मेली. तुळईवरून बोट फिरवले तर जे कळते ते कोणत्याही रजिस्टरात लिहिलेले नसते, आणि झाडू-व्हॅक्यूमने ती धूळ काढणे हे काही खर्चाचे काम नाही.

आता आक्षेप. सगळ्यांत जोरदार आक्षेप ‘इन्स्पेक्टर राज’चा. निरीक्षक येतो तो दोष काढायला आणि पाकीट घेऊन जायला. लहान उद्योजकाला वेठीस धरणारी ही व्यवस्था जितकी कमी तितके बरे. या तक्रारीत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. ज्याच्या शेऱ्यावर खटला उभा राहू शकतो अशा एकट्या माणसाच्या हातात मर्जीचा अधिकार असला की तो विकला जाण्याची भीती असतेच. म्हणून २०१४ पासून केंद्राने तपासणीची निवड संगणकावर, जोखमीनुसार आणि चिठ्ठी काढल्यासारखी करायला सुरुवात केली, आणि महाराष्ट्राने २०१५ मध्ये स्वयंप्रमाणनाची योजना आणली. निवडीतली मर्जी काढणे योग्यच आहे. पण निवड पारदर्शक करणे आणि भेटच कमी करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चर्चेत त्या एक करून टाकल्या जातात. पाकिटाचा उपाय भेट रद्द करणे हा नाही. शेरा लगेच लेखी देणे, तो कामगारांना दिसेल असा लावणे आणि दुरुस्तीची मुदत जाहीर असणे हा आहे. स्वयंप्रमाणन म्हणजे मालकाने स्वतःची साक्ष स्वतः देणे. १८८४ च्या आयोगासमोरचा तो जिनवाला निदान खरे बोलला, कारण खोटे बोलण्याचे त्याला कारण नव्हते. आज कारण आहे. शिरपूरजवळच्या वाघाडीत ३१ ऑगस्ट २०१९ रोजी रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन किमान तेरा माणसे गेली. ती जागा शहाद्याच्या शेजारच्याच तालुक्यातली. त्यानंतर या भागात कुणी भेटी कमी करा म्हणत असेल तर त्याने त्या तेरा घरांतही ते पटवून द्यावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. सहकारी कारखाने कर्जात, उसाचे देणे थकलेले, पगार मागे. अशा वेळी हे सोपस्कार कशाच्या जोरावर? हा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो करणारा माणूस बहुधा खोटे बोलत नसतो. पण खर्चाची यादी करून पाहावी. हवा तपासण्याचे यंत्र, पट्टा आणि दोर, जाळीचे लोखंड, कठड्याचा पाइप, क्रेनच्या चाचणीची फी. गाळप एक दिवस थांबले तर होणाऱ्या तोट्यापुढे हे सगळे किरकोळ आहे, आणि एका गंभीर अपघाताने गाळप एक दिवसापेक्षा जास्त थांबते. ठेकेदाराची माणसे आपली नाहीत, हे म्हणणेही कायद्यात टिकत नाही. कारखान्याच्या आवारात काम करणारा प्रत्येकजण कारखान्याचाच कामगार धरला जातो, मग पगारपत्रक कुणाचेही असो. शिवाय सगळ्यांत स्वस्त साधन आधीच आवारात असते. कोणत्या पायरीवर तेल सांडते, कोणते झाकण परत बसत नाही, हे हंगामी कामगाराला, खलाशाला, ऑइलमनला ठाऊक असते. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर १९८७ च्या दुरुस्तीने सुरक्षा समितीत कामगारांना समान जागा दिली आणि सुरक्षेविषयी माहिती मागण्याचा हक्क दिला. पट्टा पडण्याच्या आठवड्यात, हंगामी माणसे गावी जाण्याआधी, त्यांना एक दिवस बसवून हे लिहून घेतले तर पावसाळ्यातल्या दुरुस्तीची यादी फुकट तयार होते. माणसे पांगली की ती माहिती पुढच्या दसऱ्यापर्यंत हाती लागत नाही.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने, जी २०२० साली संमत झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, काही गोष्टी पुढे नेल्या. कारखान्यात सुरक्षा अधिकारी हजार कामगारांऐवजी पाचशेला बंधनकारक झाला. पुष्कळ साखर कारखान्यांना हा फरक लागू पडेल. पण त्याच संहितेने ‘कारखाना’ ठरण्याची रेषा विजेच्या वापरासह दहावरून वीस कामगारांवर आणि विजेशिवाय वीसवरून चाळीसवर नेली. आज यंत्रे सुधारल्याने मोजक्या माणसांत चालणारे छोटे जिन यामुळे पुन्हा कारखाना या व्याख्येबाहेर जाऊ शकतात, म्हणजे १८८१ ची वगळणूक महिन्यांऐवजी डोकी मोजून परत येते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीवर ठसक्यात देठ खुडणाऱ्या बायका तर कधीच कुणाच्या हिशेबात नव्हत्या. आणि कारखान्याच्या फाटकाबाहेर ऊसतोड आहे. धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबे कोयता घेऊन गुजरातेत उतरतात. बारडोलीच्या सहकारी कारखान्यांसाठी ऊस तोडणाऱ्या या खानदेशी मजुरांवर अभ्यासक यान ब्रेमन यांनी १९७८ सालीच सविस्तर लिहिले. रात्री गाडीत ऊस भरताना मोळीखाली येणारा माणूस कारखान्याच्या अपघात रजिस्टरात येत नाही, कारण फड म्हणजे कारखाना नाही. ज्या हंगामासाठी सगळे चालले आहे, त्याची पहिली आणि सर्वांत धोक्याची पायरीच तपासणीच्या कक्षेबाहेर आहे. हा दोष कोणा एका कारखान्याचा नाही, पण कारखाने तो कमी करू शकतात: मुकादमाशी होणाऱ्या करारात रात्रीच्या भरणीला उजेड, प्रथमोपचाराची पेटी आणि विमा एवढे तरी लिहून.

सहकारात यासाठी एक सोय आहे जी खासगी मालकाकडे नाही. कारखान्याचे मालक सभासद शेतकरी, आणि त्यांच्यापुढे दर वर्षी वार्षिक सभेत अहवाल ठेवावा लागतो. ही सभा बहुधा पावसाळ्याच्या अखेरीस, अग्निप्रदीपनाच्या आधी होते. अहवालात गाळप, उतारा, पोती, कर्ज आणि उसाचा दर यांचे आकडे असतात आणि सभासद त्यावरून संचालकांना धारेवर धरतात. त्याच अहवालात निरीक्षकाने तपासणीच्या वहीत लिहिलेले शेरे जसेच्या तसे छापावेत, समोर दुरुस्तीची तारीख द्यावी, आणि वर्षातले अपघात, ठेकेदाराच्या माणसांसह, मोजून द्यावेत. यावर असे म्हटले जाईल की विरोधी पॅनल याचे राजकारण करील. करू द्यावे. उताऱ्याचे आणि दराचे राजकारण होतेच, आणि त्यामुळेच त्या दोन आकड्यांकडे वर्षभर कुणीतरी डोळ्यांत तेल घालून पाहत असतो.